प्रेमगीतांतील मेघ आणि वणवा

वैशाखाच्या मध्यावर चोपड्याच्या एखाद्या घराच्या धाब्यावरून उत्तरेकडे पाहिलें म्हणजे सातपुड्याची रांग जागजागीं काळी पडलेली दिसते. पानगळीनें उघड्या झालेल्या त्या डोंगरांत वणवे लागून गेलेले असतात आणि त्यांच्या काजळीनें शिखरें माखलेलीं असतात. खालीं तापीच्या खोऱ्यांतील काळी जमीन नांगरून, तापून, पावसाची वाट पाहत पडलेली असते. अशा वेळीं क्षितिजावरचा तो काळा पट्टा पाहून क्षणभर कोणासही वाटावें कीं मृगाचे ढग वेळेआधींच आले. मग नीट निरखल्यावर तो पट्टा हलत नाहीं हें ध्यानांत येतें, आणि मनुष्य पुन्हा आपल्या कामाला लागतो.

हीच क्षणभराची चूक महाराष्ट्राच्या अतिशय जुन्या अशा एका प्रेमगीताचा विषय झाली आहे. हाल सातवाहनाच्या नांवावर असलेल्या ‘गाथासप्तशती’ या संग्रहांत ती गाथा येते. ग्रीष्म ऋतु आहे. वणव्याच्या काजळीनें विंध्याचीं शिखरें मळकट झालीं आहेत. एक सखी दुसरीला धीर देत आहे. या दुसरीचा पति प्रवासाला गेलेला आहे. आणि सखी तिला एवढेंच सांगते कीं, घाबरूं नकोस, तीं डोंगराचीं शिखरें आहेत, नव्या पावसाळ्याचे ते मेघ नव्हेत. गाथा येथेंच संपते. प्रेम, विरह, अश्रु यांपैकीं एकाचाही तींत उच्चार नाहीं. तरी पण ऐकणाराला त्या स्त्रीच्या मनाची सारी अवस्था कळते. ती कशी कळते, या प्रश्नाचें उत्तर म्हणजेच प्रेमगीतांतील निसर्गाचा अर्थ होय.

प्रेमाचें गाणें म्हटलें कीं त्यांत चंद्र, ढग, फूल, नदी, पाखरें हीं यायचींच, अशी सर्वांचीच समजूत असते. नवरीच्या अंगावर जसे दागिने, तशा गाण्याच्या अंगावर या वस्तु, असें मानून ऐकणारा त्यांच्याकडे कौतुकानें पाहतो आणि पुढें जातो. दागिना उतरून ठेवला तरी नवरी राहतेच. त्याप्रमाणें ढग व फूल काढून टाकलें तरी गाण्याचा आशय शिल्लक राहील, असा यामागें समज असतो. परंतु वरच्या गाथेंतून मेघ काढून टाकला तर मागें कांहींच उरत नाहीं. तेथें मेघ हा अलंकार नाहीं. तीच त्या गाथेची भाषा आहे. जें बोलतां येत नाहीं, किंवा बोलूं दिलें जात नाहीं, तें बोलण्यासाठीं ती भाषा घडली आहे.

या संग्रहाची थोडी ओळख करून घेतली म्हणजे पुढचें विवेचन सोपें होईल. दोन ओळींची गाथा, महाराष्ट्री प्राकृत भाषा, आणि अशा सुमारें सातशें गाथा, असें या ग्रंथाचें स्वरूप आहे. कोटि गाथांतून या सातशें निवडल्या, असें ग्रंथाच्या आरंभींच म्हटलेलें आहे. परंपरेनें हाल राजाचा काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकांत धरला जातो आणि त्याचें नांव प्रतिष्ठानाशीं, म्हणजे आजच्या पैठणाशीं जोडलें जातें. मूळ संग्रहांत पुढच्या काळांतही भर पडत गेली. सातव्या शतकांत बाणभट्टानें ‘हर्षचरिता’च्या प्रास्ताविकांत सातवाहनाच्या या सुभाषितकोशाचा गौरव केला आहे. अर्वाचीन काळांत जर्मन पंडित अल्ब्रेख्त वेबर यांनीं १८७० मध्यें या गाथांवर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला व १८८१ मध्यें संपूर्ण संग्रह छापला; १८८९ मध्यें मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या काव्यमालेंत तो निघाला; आणि १९५६ मध्यें स. आ. जोगळेकर यांनीं तो विस्तृत प्रस्तावनेसह मराठी वाचकांच्या हातीं दिला.

या गाथांतील जग राजवाड्याचें नाहीं. नांगर, कापूस, तिळाचें शेत, गांवचा पाटील, वाटसरू, पाणवठा, गळकें छप्पर हेंच त्यांतलें सामान आहे. गोदावरी आहे, रेवा म्हणजे नर्मदा आहे, आणि विंध्य आहे. प्राचीन ग्रंथांत विंध्य हें नांव आजच्यासारखें काटेकोर नव्हतें. नर्मदेच्या दोन्ही बाजूंच्या डोंगरांना तें सैलपणें लावलें जाई. म्हणून सातपुड्याच्या पायथ्याशीं राहणारानें त्या गाथेंत आपलें क्षितिज पाहिलें, तर तें फारसें चुकलें असें म्हणतां येणार नाहीं.

आतां त्या स्त्रीला मेघाची भीति कां वाटावी, हें पाहिलें पाहिजे. मेघ सुंदर असतो. शेतकऱ्याला तर तो देवासारखा. परंतु जुन्या काळीं प्रवासाला निघालेला मनुष्य पावसाळ्यापूर्वीं परत येण्याच्या बोलीवर निघे. ‘सुत्तनिपात’ या पालि ग्रंथांत बावरीचे सोळा शिष्य प्रतिष्ठानाहून माहिष्मती व उज्जयिनी या मार्गानें उत्तरेस गेल्याचें वर्णन आहे. या वाटेवरच्या माणसाला तापी ओलांडावी लागे, सातपुडा चढावा लागे आणि पुढें नर्मदा उतरावी लागे. म्हणजे त्याला खानदेश तुडविल्यावांचून गत्यंतर नव्हतें. पाऊस एकदां लागला कीं या दोन्ही नद्यांना पूर येत, काळ्या जमिनींत गाड्या रुतत आणि घाट बंद होत. चार महिने येणें नाहीं, जाणें नाहीं, निरोप नाहीं. तेव्हां पहिला मेघ दिसला आणि धनी घरीं नाहीं, याचा अर्थ मुदत संपली असा होई. एक तर तो वचन विसरला, किंवा वाटेंत त्याचें कांहीं बरें-वाईट झालें. त्या स्त्रीच्या दृष्टीनें मेघ ही शोभा नव्हती. तें पंचांगाचें पान होतें, आणि त्या पानावर तिच्या नशिबाची तारीख लिहिलेली होती.

याच संग्रहांतील दुसरी एक स्त्री पति गेल्याचे दिवस भिंतीवर रेघा ओढून मोजते. आणखी एक गळक्या छपराखालीं वांकून मुलाला पावसाच्या पाण्यापासून वांचविते, पण आपल्याच आसवांनीं तें भिजत आहे हें तिच्या ध्यानांत येत नाहीं. त्या दोघींना शेजारीं बसविलें म्हणजे काजळीच्या शिखरांकडे पाहणारी ही तिसरी अधिक चांगली समजते.

यावरून निसर्गप्रतिमा वाचण्याची एक साधी रीति हातीं लागते. गाण्यांत ढग, झाड किंवा पांखरूं आलें कीं तीन प्रश्न विचारावेत. हें कोण बोलत आहे? कोणाला ऐकूं जावें म्हणून बोलत आहे? आणि कोणत्या ऋतूंत, कोणतें काम चाललें असतां बोलत आहे? या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं कीं प्रतिमेचा अर्थ बहुधा आपोआप उघडतो. तीं न मिळालीं तर तीच प्रतिमा भिंतीवरच्या चित्रासारखी मुकी राहते.

शेतांच्या गाथांना ही कसोटी लावून पाहावी. एका गाथेंत एक स्त्री मान खालीं घालून रडत आहे. साळीचीं शेतें पिकून पांढुरकीं होत चाललीं आहेत. दुसरी तिला म्हणते कीं रडतेस कशाला, तिकडे तागाचें शेत बघ, हरताळाचा पिवळा रंग तोंडाला फांसून रंगभूमीवर आलेल्या नटीसारखें तें दिसत आहे. ज्याला शेती ठाऊक नाहीं त्याला हें शरदाचें एक सुरेख वर्णन वाटेल. ज्याला ठाऊक आहे तो निराळें ऐकतो. साळ पिकली म्हणजे कापणी आली. कापणी आली म्हणजे उभ्या पिकाचा आडोसा गेला, आणि आडोसा गेला म्हणजे भेटीची जागा गेली. ती रडत आहे त्याचें कारण हें. उलट ताग आतां फुलला आहे, पुरुषभर उंच व दाट झाला आहे, आणि अजून कांहीं दिवस तो कोणी कापणार नाहीं. सखीनें पीकपाण्याची गोष्ट बोलून भेटीची नवी जागा सांगितली. आणि जवळून सासू गेली असती तरी तिला दोन बायका शेतांविषयीं बोलत आहेत एवढेंच कळलें असतें.

कापसाची गाथा तर खानदेशच्या माणसाला विशेष जवळची वाटेल. चोपडा तालुका हा काळ्या जमिनीचा आणि कापसाचा. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, १८६१ ते १८६५ या वर्षांत, खानदेशच्या कापसाला परदेशांत मागणी वाढली, आणि त्यामुळें कापूस हें इंग्रजी अमदानीचें पीक असा पुष्कळांचा समज असतो. परंतु दक्षिणेंतला कापूस त्याहून फार जुना. सप्तशतींतच त्याची साक्ष आहे. कापसाच्या शेताची नांगरट सुरू होण्याचा शुभ दिवस आहे. घरची स्त्री नांगराची पूजा करून त्यावर मंगलचिन्ह काढीत आहे, आणि तिचे हात थरथरत आहेत. कारण तिचें मन मनोरथांनीं भरून गेलें आहे. अजून बीं पडलेलें नाहीं, पाऊस झालेला नाहीं, रोप उगवलेलें नाहीं. पण तिच्या डोळ्यांपुढें उभें, दाट शेत आधींच वाढलें आहे. येथें तर फूल नाहीं, चंद्र नाहीं, ढगही नाहीं. उघडें रान आणि नांगर आहे. तरीसुद्धां तें प्रेमगीत आहे, कारण रानाचा पुढला सारा हंगाम त्या थरथरीच्या पोटांत आहे.

ज्यांना खेडवळ म्हणून हंसावें अशा या गाथांनीं पुढें मोठा मान मिळविला. नवव्या शतकांत काश्मीरांत, अवंतिवर्म्याच्या काळीं, आनंदवर्धन या पंडितानें ‘ध्वन्यालोक’ हा ग्रंथ लिहिला. शब्दाचा सरळ अर्थ एक असतो आणि त्यांतून उमटणारा दुसरा अर्थ असतो. घंटेचा टोला थांबल्यावरही तिचा नाद राहतो तसा हा दुसरा अर्थ राहतो, आणि तोच काव्याचा आत्मा होय, असा त्याचा सिद्धान्त. हा सिद्धान्त पटवून देण्यासाठीं त्यानें जीं उदाहरणें निवडलीं त्यांत गोदावरीकांठची सप्तशतींतील गाथा अगदीं आरंभीं येते. पुढें अकराव्या शतकांत मम्मटानेंही ‘काव्यप्रकाशां’त हीच वाट धरली. गोदेच्या कांठच्या झुडपांनीं काश्मीरच्या पंडितांना काव्याचें मर्म शिकविलें, असें म्हटलें तर त्यांत अतिशयोक्ति थोडीच आहे.

मम्मटानें घेतलेली बगळीची गाथा पाहावी. कमळाच्या पानावर एक बगळी निश्चल बसली आहे; पाचूच्या ताटांत शंखाची शिंपली ठेवावी तशी ती शोभत आहे. एक स्त्री आपल्या प्रियकराला तें दृश्य दाखविते. वर्णन म्हणून हें पुरेसें सुंदर आहे. परंतु मम्मट विचारतो कीं बगळी निश्चल कां? तिला भय नाहीं म्हणून. भय कां नाहीं? तेथें माणसाची चाहूल नाहीं म्हणून. म्हणजे ही जागा एकांताची आहे. आणि तो दुसराही अर्थ सुचवितो: आपण येथें येऊन गेलों असें तूं म्हणतोस तें खोटें आहे, तूं आला असतास तर ही बगळी अशी बसली नसती. एकाच पांखराच्या निश्चलपणांत आमंत्रणही आहे आणि आरोपही आहे. कोणता अर्थ घ्यावा हें पांखरूं ठरवीत नाहीं. बोलणाऱ्या स्त्रीचा प्रसंग ठरवितो.

दुसऱ्या एका प्राकृत गाथेंत दृश्यसुद्धां नाहीं, केवळ आवाज आहे. वेतांच्या जाळींतून पाखरांचा थवा एकदम उडाल्याचा कलकलाट ऐकूं येतो, आणि घरकामांत गुंतलेल्या सुनेचीं गात्रें गळून जातात. पाखरें उडालीं, म्हणजे जाळींत कोणी तरी शिरलें. जो यायचा तो वेळेवर आला. आणि ही येथें चुलीपाशीं अडकलेली. आनंदवर्धन व मम्मट या दोघांनींही ही गाथा विचारांत घेतली आहे. सुनेच्या तोंडून एक अक्षर निघालेलें नाहीं. तिचें सारें दुःख पाखरांनीं बोलून दाखविलें.

मात्र या रीतीचा अतिरेकही होतो, आणि तो टाळला पाहिजे. सप्तशतीच्या कांहीं संस्कृत टीकाकारांना, विशेषतः गंगाधराला, प्रत्येक झुडपांत संकेतस्थळ दिसूं लागतें. सर्व झाडें कांहीं चोरट्या भेटीसाठीं उगवलेलीं नसतात. याच संग्रहांत पळसाच्या फुलांची एक गाथा आहे. पोपटाच्या चोचींसारख्या त्या फुलांनीं भूमि भरून गेली आहे; जणूं काय भिक्षूंचा संघ बुद्धाच्या चरणीं लोटांगण घालीत आहे. सातवाहनांच्या काळीं खानदेशच्या दक्षिण कडेला अजिंठ्याच्या डोंगरांत लेणीं खोदलीं गेलीं होतीं व तेथें भिक्षूंची वस्ती होती. वाटेनें जाणारीं काषाय वस्त्रें लोकांच्या रोजच्या पाहण्यांतलीं होतीं. फाल्गुनांत सातपुड्याचा पायथा पळसानें पेटतो तेव्हां ती गाथा आजही खरी वाटते. आणि तींत संकेत शोधण्याची गरज पडत नाहीं. तीन प्रश्न विचारण्याचा उपयोग हाच कीं जेथें गुपित नाहीं तेथें तें उगीच घातलें जात नाहीं.

हीं गीतें कोणाचीं, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. टीकाकारांनीं कांहीं गाथांच्या कर्त्यांचीं नांवें दिलीं आहेत, आणि त्यांत रेवा, माधवी, अनुलक्ष्मी, शशिप्रभा, रोहा, पहई अशीं स्त्रियांचींही नांवें आहेत. ज्या गाथा पुरुषांनीं रचल्या असतील त्यांतही बोलणारी बहुधा स्त्रीच आहे. हें सहज घडलेलें नाहीं. ज्याला उघड बोलतां येतें त्याला मेघाची आणि तागाची मध्यस्थी लागत नाहीं. मध्यस्थी लागते ती सासरीं राहणाऱ्या, चार कानांच्या पहाऱ्यांत वावरणाऱ्या बाईला. निसर्गाची भाषा ही अडविलेल्या माणसांची भाषा आहे.

हें प्राचीन काळापुरतेंच होतें असें नाहीं. अगदीं अलीकडेपर्यंत मराठी घरांत पतीचें नांव उच्चारण्याची पत्नीला मुभा नव्हती. तें घ्यायचें तर उखाण्यांत, फुलांच्या, तुळशीच्या, चंद्रसूर्याच्या आड ठेवून घ्यायचें. दोन ओळींच्या त्या उखाण्याला कोणी प्रेमगीत म्हणत नाहीं. परंतु ज्या नांवाला ती बाई एरवीं जिभेवर आणूं शकत नव्हती तें नांव तिनें फुलाच्या ओंजळींतून चारचौघांत घेतलें, याहून प्रेमगीत निराळें तें काय असतें? जात्यावरच्या ओव्यांचीही हीच गोष्ट. तापीपलीकडे अमळनेरच्या शाळेंत १९२४ ते १९३० या वर्षांत शिक्षक असलेल्या साने गुरुजींनीं पुढें ‘स्त्रीजीवन’ या ग्रंथांत अशा ओव्या गोळा केल्या. पहांटेच्या अंधारांत जातें ओढणाऱ्या बाईनें भावाला, लेकराला व धन्याला उद्देशून जें म्हटलें तें त्यांत सांठलेलें आहे.

खानदेशांतील अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा सासुरवाशिणींचा सण. पाण्याची नवी घागर भरतात, तिच्यावर डांगर ठेवतात. लेकी माहेरीं येतात, निंबाच्या झाडांना झोके बांधतात, गौराई मांडतात, आणि अहिराणींत गाणीं म्हणतात. गौराईचा शंकर तिला न्यायला यायचा असतो. आतां तोच वैशाख, तेंच काळवंडलेलें क्षितिज, आणि झोक्यावर बसलेली ही मुलगी यांचा मेळ घालून पाहावा. पाऊस पडला कीं पेरणी सुरू होणार, सासरीं हात कमी पडणार, आणि झोका सोडून तिला निघावें लागणार. गाथेंतल्या स्त्रीला मेघ सांगतो कीं तुझा माणूस आला नाहीं. झोक्यावरच्या मुलीला तोच मेघ सांगतो कीं तुला न्यायला आतां माणूस येईल. एकीची भीति ही कीं वाट पाहणें संपलें. दुसरीची ही कीं विसांवा संपला. मेघ एकच, त्याचें पाणी एकच. अर्थ मात्र ज्या अंगणांतून त्याच्याकडे पाहिलें जातें त्या अंगणाचा.

विसाव्या शतकाच्या आरंभीं या भाषेनें एक मोठें वळण घेतलें, आणि तेंही याच परिसरांत. चोपड्याहून तापी ओलांडून दक्षिणेस गेलें कीं धरणगांव लागतें. तेथें १३ ऑगस्ट १८९० रोजीं त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म झाला. १९०७ सालीं जळगांवास भरलेल्या कविसंमेलनांत या कोवळ्या मुलानें कविता म्हटली, आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनीं त्याला ‘बालकवि’ ही पदवी दिली. त्यांची ‘फुलराणी’ ही कविता शाळेंतल्या मुलांना पाठ असते, आणि म्हणूनच कदाचित् ती प्रेमकविता आहे हें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. हिरव्या कुरणांतली एक कळी संध्याकाळच्या किरणावर मन जडविते; सायंकाळचा वारा तिची थट्टा करतो; रात्र ती त्याच विचारांत काढते; आणि पहांटे लग्न लागतें. पांखरें मंगल गातात, दंवाचा अंतरपाट दूर होतो.

गाथेशीं ताडून पाहिलें म्हणजे फरक स्पष्ट होतो. गाथेंत माणसें प्रेम करीत आणि निसर्ग त्यांचा निरोप पोंचवी. ‘फुलराणीं’त माणूस उरलेला नाहीं, निसर्गच प्रेम करतो, आणि माणसाच्या घरचें लग्न त्याला उसनें दिलें आहे. थट्टेखोर सखीची जागा वाऱ्यानें घेतली, भटजीची व वाजंत्र्यांची पांखरांनीं घेतली. त्या काळच्या गांवांत कळीच्या वयाच्या मुलीचें लग्न तिला न विचारतां ठरत असे. स्वतः मन जडवून, स्वतः लाजून, आणि ज्याच्यावर मन जडलें त्याच्याशींच विवाह होण्याचें भाग्य कवीनें निदान एका फुलाला दिलें. ही कविता केवळ गोड नाहीं. तिच्या गोडव्याच्या तळाशीं एक अपुरी इच्छा आहे. बालकवींना आयुष्य थोडें लाभलें. ५ मे १९१८ रोजीं जळगांवजवळ भादली स्टेशनावर आगगाडीखालीं सांपडून त्यांचा अंत झाला; तेव्हां त्यांचें वय सत्तावीस होतें.

पुढच्या पिढींत ही भाषा पुन्हा शेतांत परतली. खानदेशाला लागून, अजिंठ्याच्या डोंगराजवळ पळसखेडें हें गांव आहे. नांवांतच पळस असलेलें. तेथें ना. धों. महानोर (१९४२–२०२३) शेती करीत आणि कविता लिहीत. ‘रानांतल्या कविता’ हा त्यांचा संग्रह १९६७ चा. १९७७ च्या ‘जैत रे जैत’ या चित्रपटासाठीं त्यांनीं लिहिलेलीं व हृदयनाथ मंगेशकर यांनीं स्वरबद्ध केलेलीं गीतें घरोघरीं गेलीं. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट ठाकर लोकांच्या जीवनाचा. त्यांतील नाग्या व चिंधी यांच्या प्रेमाला डोंगर, पाऊस आणि मधाचीं पोळीं यांखेरीज दुसरी भाषाच नाहीं. शहरांतल्या श्रोत्यांना त्या गीतांचा नाद आवडला. परंतु ज्यानें आभाळाकडे पाहून पेरणीचा अंदाज बांधला आहे, त्याला त्या गीतांत चाल व नाद यांहून अधिक कांहीं तरी ऐकूं आलें असेल.

येथें चिंतेची एक गोष्ट आहे. भाषा शब्दकोशांत राहिली तरी तिच्यामागची वस्तु डोळ्यांआड झाली कीं ती मुकी होते. आज तागाचें बीं पेरतात तें बहुधा हिरवळीच्या खतासाठीं. पिवळा बहर आला न आला तोंच तें पीक नांगराखालीं गाडलें जातें. चोपडा तालुक्यांत कापूस अजून आहे, परंतु विहिरींच्या व विजेच्या जोरावर विसाव्या शतकांत केळीच्या बागा पसरल्या, आणि बागाईत जमिनीला पहिल्या मेघाची तेवढी काळजी उरत नाहीं. नद्यांवर पूल झाले. पावसाळ्यांत वाटा बंद होत नाहींत. परगांवीं गेलेल्या माणसाचा आवाज घटकेंत कानाशीं येतो. यांत वाईट कांहीं नाहीं. त्या स्त्रीची भीति कमी झाली, पतीचें नांव उघडपणें घेतां येऊं लागलें, ही सुखाचीच गोष्ट आहे. गाथा सुंदर आहे म्हणून कोणी तिचें दुःख परत मागणार नाहीं. परंतु दुःख गेलें म्हणून त्याची भाषाही विसरावी, असें मात्र नाहीं. ज्यांनीं तीं गाणीं रचलीं त्यांना दुसरें कोणतेंही साक्षीदार मिळाले नव्हते. त्यांच्या बाजूनें ताग, बगळी आणि मेघ एवढेच बोलले.

म्हणून जुन्या प्रेमगीतांतला ढग ऐकतांना तो कोणत्या महिन्याचा हें विचारावें. फूल ऐकतांना तें कोणत्या शेतांतलें, आणि त्याची कापणी कधीं, हें विचारावें. शाळेंत ‘फुलराणी’ शिकवितांना मुलांना किरणाचा अर्थ सांगण्याबरोबर, त्या काळच्या मुलींचीं लग्नें कशीं ठरत तेंही सांगावें. आजीला अखाजीचें गाणें म्हणावयास लावावें आणि त्यांतल्या झाडाचें नांव विचारावें. एवढें केलें तरी पुष्कळ होईल.

आणि त्या पहिल्या गाथेंत एक शंका शेवटपर्यंत राहतेच. सखी म्हणाली कीं तीं शिखरें आहेत, मेघ नव्हेत. ती खरें बोलत होती काय? वणव्याची काजळी आणि पहिल्या पावसाचा ढग यांतला फरक त्या डोंगरांच्या पायथ्याशीं वाढलेल्या विरहिणीला कळला नसेल असें संभवत नाहीं. कदाचित् ते मेघच असतील. कदाचित् दोघींनींही तें ओळखलें असेल. आणि तरी एकीनें तसें म्हटलें, व दुसरीनें तें ऐकून घेतलें. पतीचें प्रेम त्या गाथेंत दूर परगांवीं आहे. पण मैत्रिणीचें प्रेम तेथेंच, तिच्या शेजारीं उभें आहे, आणि तेंही डोंगराच्या रंगाविषयीं बोलत आहे.